पन्नास शब्दांचं श्रुतलेखन

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आधी गुडघा, मग मोतीबिंदू, मग हा प्रवास... कारणं सांगत बसले तर त्यातच पान भरेल. नातेवाईक मंडळींना फोटो हवे होते, ते नातीने केव्हाच पाठवलेत. ऑपेरा हाउससमोर पाठीवर निळी सॅक आणि डोक्यावर सुती टोपी घातलेली म्हातारी म्हणजे मीच. ती सॅक भाड्याची नाही, स्वतः विकत घेतलेली आहे, हे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं :-)

तर झालं असं की नातीला (तिचं नाव लिहायचं नाही असं तिने बजावलंय) मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रेलियाला जायचं होतं. हॉटेल नाही, टूर नाही, पाठीवर सॅक टाकून हॉस्टेलात राहायचं आणि रात्रीच्या बसने गाव बदलायचं. मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि ती गळाली. मी सहज म्हटलं, "मी येते." पोरगी हसली नाही. म्हणाली, "आजी, खालचा बंक तुझा." घरात चार दिवस वादळ. माझ्या मुलाचं म्हणणं, या वयात असले प्रकार शोभत नाहीत. पस्तीस वर्षं सहलीला साठ-साठ पोरं लाल डब्यातून नेली तेव्हा शोभत होतं का, असं मी विचारलं. असो.

प्रवासवर्णन लिहायचं नाहीये. कांगारू वगैरे नातीच्या फोटोंत आहेत. मला लिहायचंय ते एका कायद्याबद्दल, जो मेलबर्नमध्ये माझ्यासमोर आला आणि अजून डोक्यातून गेलेला नाही. पण इतिहास शिकवायची सवय, एकदम मुद्द्यावर येता येत नाही. सिडनीपासून सुरुवात करते.

सिडनीत आम्ही रॉक्स नावाच्या भागात राहिलो. गोऱ्यांच्या वस्तीतला हा जुन्यात जुना भाग. आमचं हॉस्टेल खांबांवर उभं आहे आणि खाली, खांबांच्या मधे, उत्खननात सापडलेले घरांचे पाये तसेच ठेवलेले आहेत. १९९४ साली तिथे खणलं, आणि पुढे वरती इमारत बांधली ती पायांना धक्का न लावता. सकाळी दात घासून खाली वाकलं की दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघराची चौकट दिसते. हे लोक म्हणजे बहुतेक कैदी आणि त्यांची पोरंबाळं. २६ जानेवारी १७८८ ला अकरा जहाजांचा पहिला तांडा या खाडीत नांगरला. (आपल्या प्रजासत्ताक दिनाच्या तारखेला त्यांचा राष्ट्रीय दिवस, आणि तिथल्या मूळ लोकांच्या दृष्टीने तोच घात झाल्याचा दिवस.) तिथपासून १८६८ पर्यंत ब्रिटनने एक लाख साठ हजारांच्या आसपास कैदी या खंडावर आणून टाकले. खाडीच्या काठची जमीन गडिगल लोकांची. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि त्यांच्यातले किती गेले त्याला हिशेब नाही.

मला गंमत वाटली ती खोटी कागदपत्रं आणि खोटी नाणी करणाऱ्यांची. हाइड पार्कजवळ कैद्यांची विटांची बराक आहे, १८१९ साली उघडलेली. फार देखणी. ती ज्याने आखली तो फ्रान्सिस ग्रीनवे स्वतः बनावट दस्तऐवज केल्याबद्दल शिक्षा होऊन आलेला कैदी. पुढे १९६६ साली ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरची नोट काढली तेव्हा तिच्यावर याचंच चित्र छापलं. बनावट कागद करणारा माणूस सरकारी नोटेवर! तसंच नाण्यांचं. वसाहतीत नाणी पुरेनात म्हणून १८१२ मध्ये एक जहाज मद्रासहून चाळीस हजार स्पॅनिश डॉलर घेऊन आलं. ती चांदी पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक पाडून त्याची दोन नाणी केली. बाहेरचं कडं पाच शिलिंगांचं, आतली चकती पंधरा पेन्सची. भोक पाडायचं काम दिलं विल्यम हेन्शलला, म्हणजे खोटी नाणी पाडल्याबद्दल हद्दपार झालेल्या माणसाला. त्या कड्याला होली डॉलर म्हणतात. आपल्या होळीशी संबंध नाही, भोकाशी आहे.

हे सगळं करवून घेणारा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी. १८१० ते १८२१ त्याचा कारभार. तो आधी आपल्याकडे होता! १७८८ साली पलटणीबरोबर मुंबईत उतरला, १७९३ मध्ये मुंबईतच जेन जार्विसशी लग्न केलं. ती तीन वर्षांत क्षयाने मकाव येथे वारली, तेव्हा तिचा देह त्याने मुंबईला आणून पुरला. १७९९ ला टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या लढाईतही हा होता. १७९५ साली कोचीनला त्याने दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले. त्यातल्या एकाचं नाव ठेवलं जॉर्ज जार्विस, बायकोचं आडनाव लावून. तो जॉर्ज सिडनीला गेला आणि मॅक्वारी मरेपर्यंत त्याच्याबरोबर राहिला. कोचीनच्या त्या पोराचं आईबापांनी ठेवलेलं नाव काय होतं ते कुठे मिळत नाही. हाच मॅक्वारी सुटलेल्या कैद्यांना जेवायला बोलवायचा, त्यांना मॅजिस्ट्रेट करायचा, त्यापायी विलायतेची नाराजी ओढवून घेतली. आणि याच्याच हुकमाने निघालेल्या सैनिकांनी एप्रिल १८१६ मध्ये ॲपिनला मूळ लोकांची रात्री कत्तल केली, किमान चौदा जणांची. एकाच माणसाच्या वहीत ही दोन्ही पानं. वर्गात आपण एक पान शिकवतो आणि घंटा होते.

कॅनबेराला एकच दिवस होतो. गाव आखीवरेखीव, पायी चालणाऱ्याचे हाल. ते ज्याने आखलं तो वॉल्टर बर्ली ग्रिफिन पुढे १९३५ ला लखनौला इमारती बांधायला आला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला. थडगंही तिथेच आहे. जुन्या संसदेसमोरच्या हिरवळीवर मूळ लोकांनी २६ जानेवारी १९७२ ला छत्री रोवून आपली 'वकिलात' उघडली, ती आजही आहे. आपल्याच देशात वकिलात! मला ते फार मार्मिक वाटलं.

रात्रीच्या बसने मेलबर्न. पाठ धरली. नातीने स्टँडवरच मलम चोळलं आणि आम्ही ट्राममध्ये चढलो (शहराच्या मध्यभागात ट्राम फुकट, हे पुणेकरांनी मुद्दाम वाचावं). फ्लिंडर्स स्ट्रीटवर जुन्या कस्टम हाउसमध्ये स्थलांतराचं संग्रहालय आहे. पाऊस होता म्हणून आत शिरलो, खरं सांगायचं तर. नात पुढे पुढे वाचत चालली होती. मागे वळून मोठ्याने म्हणाली, "आजी, इकडे ये! हे तर तुझं श्रुतलेखन!"

मी चष्मा पुसून वाचायला लागले.

१९०१ साली सहा वसाहती मिळून ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र झालं. नव्या संसदेच्या पहिल्या मोठ्या कायद्यांपैकी एक म्हणजे त्याच वर्षी डिसेंबरात मंजूर झालेला स्थलांतर-निर्बंध कायदा. गोऱ्यांखेरीज कुणी येऊ नये हा हेतू, पण तसं लिहायची सोय नव्हती. हिंदी माणूस ब्रिटिश सम्राटाचा प्रजाजन, त्याला रंगावरून उघड बंदी घातली तर लंडनची पंचाईत. जपानही रागावणार. मग तोडगा काढला तो शाळेतला. बंदरात उतरणाऱ्याला अधिकारी एका युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवणार, आणि त्याने तो लिहायचा. चुकला की परत. भाषा कुठली? ते अधिकारी ठरवणार! माणसाला इंग्रजी येत असेल तर फ्रेंच काढा, फ्रेंच येत असेल तर स्वीडिश.

ही युक्ती त्यांची स्वतःची नव्हे. १८९७ साली नाताळमध्ये, गांधीजी डर्बनला उतरताना गोऱ्यांनी दंगा केला त्याच वर्षी, तिथल्या सरकारने युरोपीय भाषेत अर्ज भरून घेण्याचा कायदा केला होता. लंडनचा वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन याने तोच नमुना ऑस्ट्रेलियाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. रंगाचा उल्लेख न करता काम भागतं ना, मग झालं.

आकडे सांगते. पहिल्या दोन वर्षांत ८०५ जणांची परीक्षा घेतली, ४६ पास झाले. १९०४ ते १९०९ मध्ये ५५४ पैकी सहा. १९०९ नंतर कुणीही पास झालं नाही. कायदा रद्द झाला तो १९५८ साली. पन्नास वर्षं निकाल शून्य टक्के! असा निकाल लागला तर आमच्याकडे शिक्षणाधिकारी चौकशीला आले असते. पण इथे परीक्षकाला शाबासकी होती, कारण परीक्षा नापास करण्यासाठीच होती.

हा कायदा लोकसभेत लढवणारा ॲटर्नी जनरल आल्फ्रेड डीकिन. (त्याच्या नावाच्या विद्यापीठात आपल्या किती घरांतली मुलं शिकतायत.) हा माणूस १८९० साली हिंदुस्थानात कालवे पाहायला आला होता. १८९३ मध्ये त्याने आपल्या पाटबंधाऱ्यांवर एक आणि देवळं-थडग्यांवर एक अशी दोन पुस्तकं लिहिली. म्हणजे अडाणी नव्हे. उलट संसदेत त्याने सांगितलं की या लोकांची भीती वाटते ती त्यांच्या दुर्गुणांमुळे नाही, गुणांमुळे. कष्टाळू आहेत, काटकसरी आहेत, म्हणून नकोत. माझ्या मते अडाण्याच्या द्वेषापेक्षा हे वाईट. अडाण्याला निदान शिकवता येतं.

एक किस्सा हसू येण्यासारखा आहे. १९३४ साली एगॉन किश नावाचा पत्रकार हिटलरविरोधी भाषणं द्यायला आला. त्याला उतरू देईनात, तर पठ्ठ्याने मेलबर्नला जहाजावरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्याला युरोपातल्या बऱ्याच भाषा येत, म्हणून सिडनीला त्याला श्रुतलेखन घातलं स्कॉटिश गेलिकमध्ये. पुढे कोर्टात, उतारा वाचणाऱ्या पोलिसालाच त्याचा धड अर्थ सांगता आला नाही. आणि हायकोर्टाने निकाल दिला की या कायद्याच्या अर्थाने गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. स्कॉटिश मंडळी भडकली म्हणतात.

पण सगळेच किश नसतात. आधीपासून राहणारे हिंदी लोक, फेरीवाले, उंटवाले, गावाकडे आई-बापाला भेटायला गेले तर परतताना हीच परीक्षा. त्यातून सूट हवी तर जाण्याआधी दाखला काढायचा. हे दाखले राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, नातीने फोनवर काढून दाखवले. समोरून एक फोटो, बाजूने एक, गुन्हेगाराचा काढतात तसा. आणि पाठीमागे शाईत बुडवलेला अख्खा पंजा. फेटेवाला म्हातारा शीख, पांढरी दाढी, आणि मागे त्याचा हात. हातावरच्या रेषा इतक्या स्पष्ट की कुडमुड्या जोशाने भविष्य सांगावं. नावं अधिकाऱ्याला ऐकू आली तशी लिहिलेली.

मतदानाचंही तेच. १९०२ च्या कायद्याने बायकांना मत दिलं आणि त्याच कायद्याने ऑस्ट्रेलियातल्या मूळ लोकांना, आशियाच्या, आफ्रिकेच्या लोकांना नाकारलं. १९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री, म्हणजे गोखल्यांनी पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे त्यांच्यानंतरचे अध्यक्ष, ऑस्ट्रेलियाचा दौरा करून तिथल्या हिंदी लोकांच्या हक्कांसाठी बोलले. १९२४ ला मिट्टा बुलोश (कागदोपत्री नाव असंच आहे) या मेलबर्नमधल्या हिंदी माणसाने मतासाठी कोर्टात दावा जिंकला, आणि १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांना मत मिळालं. नव्याने येणाऱ्यांना दार मात्र बंदच.

हे वाचेपर्यंत पाऊस थांबला होता. नात म्हणाली, "आजी, कॉफी?" मी म्हटलं, तू पी. मी बाकावर बसून राहिले.

कारण असं. साल १९८४. मी तेव्हा साखर कारखान्याच्या भागातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होते. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, माळावर कोप्या पडायच्या. त्यांची पोरं शाळेत येत नसत आणि आम्ही बोलवतही नव्हतो. त्या वर्षी एक लमाण बाई मुलाचा हात धरून ऑफिसात आली. मुलगा गावाकडे पाचवीत होता, इथे पाचवीत बसवा म्हणाली. दाखला नव्हता. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाठवलं, "बाई, काय येतंय बघा आणि ठरवा."

माझ्या पाचवीत तेव्हा बासष्ट मुलं होती. बाक नव्हते. मी श्रुतलेखन घातलं.

इथवर कुणीही म्हणेल, बाईंचं बरोबरच आहे. पण उतारा मी पाचवीच्या पुस्तकातला काढला नाही. टेबलावर आठवीचं पुस्तक होतं, तेच उघडलं. कर्तृत्व, उज्ज्वल, प्रतिकूल, आविर्भाव... जोडाक्षरांनी भरलेला परिच्छेद मी शोधून काढला. हात आपोआप तिथे गेला असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले. आपोआप नव्हता गेला. घरी गोरमाटी बोलणारं ते पोर, पाटीवर वाकून लिहीत होतं. अक्षर चांगलं होतं त्याचं. एकवीस चुका निघाल्या. मी बाईंना म्हटलं, याला झेडपीच्या शाळेत चौथीला घाला. ती काही बोलली नाही. "बरं" म्हणाली आणि त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकावरून उसाची बैलगाडी गेली, जुवाजवळ तो बसला होता. झेडपीच्या शाळेत चौकशी करावी असं तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

ॲडलेडच्या बसमध्ये, रात्री, दिवे घालवल्यावर, हे सगळं नातीला सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे आजी, तेव्हा तसंच होतं. ती तसं म्हणाली नाही. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

आई सोमला म्हणाली होती. मी पाटीवर आधी त्याला नाव लिहायला सांगितलं तेव्हा त्यानेही 'सोमला' लिहिलं, आणि मी ते खोडून 'सोमनाथ' करून दाखवलं. सोमला हे काय नाव झालं, म्हणून. एकवीस चुकांत ती एक धरली होती.

ॲडलेडला उंटवाल्यांची मशीद पाहिली, १८८८-८९ ला बांधलेली. लहानशी, चार मिनार मागून, १९०३ मध्ये, घातलेले. वाळवंटातून तारेचे खांब, रेल्वेचं सामान, पाण्याची पिंपं वाहिली ती यांच्या उंटांनी. १८६६ साली पहिली मोठी खेप कराचीहून आली, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातून. सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, बलुची असो की पंजाबी. मशिदीच्या अंगणात एका गृहस्थांनी आम्हाला पाणी दिलं. नातीने फोटो काढला, मी काढू दिला नाही माझा.

परत येऊन दोन महिने झाले. त्या शाळेतल्या कुठल्याच रजिस्टरात सोमलाचं नाव नसणार, कारण मी घेतलंच नाही. आता तो पन्नाशीच्या पुढे असेल. गावाकडची मंडळी हे वाचतात, त्यातले काहीजण तेव्हा कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. १९८४-८५ च्या हंगामात माळावर उतरलेली टोळी कुठल्या तांड्यावरची होती, मुकादम कोण होता, हे कुणाला आठवत असेल तर मला फोन करा. नंबर जुनाच आहे. दुपारी दोन ते चार सोडून केव्हाही.